तासगावचा बेदाणा, जेबेल अलीचं बंदर आणि मधले शब्द

प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगावच्या एका तरुण उद्योजकाला बेदाण्याचा पहिला वीस फुटी कंटेनर दुबईला पाठवायचा आहे. खरेदीदार म्हणतो, "सीआयएफ जेबेल अली भाव द्या आणि जहाज सुटलं की बीएल टेलेक्स रिलीज करा." फॉरवर्डरचं, म्हणजे जहाजावर जागा मिळवून देणाऱ्या मध्यस्थाचं, कोटेशन आलं आहे. त्यात ओएफ, टीएचसी, व्हीजीएम, फ्री डेज, डिटेंशन असे पंधरा-वीस शब्द आहेत. यातले कोणते समजून घ्यायलाच हवेत, डेमरेज आणि डिटेंशनमध्ये फरक काय, आणि टेलेक्स रिलीजला हो म्हणावं का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी न्हावा शेव्याला निर्यातीच्या कागदपत्रांचं काम गेली सत्तावीस वर्षं करतो आहे. एवढ्या वर्षांत माल समुद्रात बुडून नुकसान झालेला पक्षकार मी क्वचितच पाहिला. शब्दाचा अर्थ अर्धवट कळल्यामुळे नुकसान झालेले मात्र दर हंगामात भेटतात. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

शब्दांची यादी पाठ करू नका. प्रत्येक शब्दापाशी तीन गोष्टी विचारा. माल आत्ता कोणाच्या ताब्यात आहे? तो खराब झाला तर नुकसान कोणाचं? आणि या टप्प्याचे पैसे कोण भरणार? नव्या माणसाला वाटतं की तिन्हींचं उत्तर एकच असणार, जो पैसे भरतो त्याचीच जोखीम. समुद्री व्यापारात तसं नसतं, आणि सीआयएफ हे त्याचं पहिलं उदाहरण.

सीआयएफ म्हणजे मालाची किंमत, विमा आणि जहाजभाडं. जेबेल अलीपर्यंतचं भाडं तुम्ही भरायचं, विमाही तुम्हीच काढायचा. त्यामुळे माल तिकडे उतरेपर्यंत जोखीम आपली, असं जवळजवळ प्रत्येकजण धरून चालतो. प्रत्यक्षात माल न्हावा शेव्याला जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे जाते. एफओबी, म्हणजे ‘फ्री ऑन बोर्ड’, यातही जोखीम त्याच जागी बदलते. फरक इतकाच की एफओबीत पुढचं भाडं आणि विमा खरेदीदार बघतो. म्हणून एफओबीपुढे माल चढवण्याच्या बंदराचं नाव लिहितात, ‘एफओबी न्हावा शेवा’, आणि सीआयएफपुढे उतरण्याच्या बंदराचं, ‘सीआयएफ जेबेल अली’. बंदराच्या नावाशिवाय यातली कुठलीच अट पूर्ण होत नाही.

या अटींना इन्कोटर्म्स म्हणतात. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने त्या १९३६ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केल्या. सध्याची आवृत्ती २०२० ची आहे आणि तीत अकरा अटी आहेत. करारात ‘इन्कोटर्म्स २०२०’ असं स्पष्ट लिहा, कारण आवृत्तीगणिक तपशील बदलले आहेत. पूर्वी एफओबीमध्ये माल जहाजाच्या कठड्यावरून पलीकडे गेला की जोखीम बदलायची. २०१० च्या आवृत्तीत कठडा गेला आणि ‘जहाजावर ठेवलेला माल’ ही खूण आली.

आता कंटेनरची अडचण समजून घ्या, कारण तुमचा माल कंटेनरमध्ये आहे. तुमचा ट्रक तासगावहून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून बंदराच्या गेटमधून आत जातो. तिथे कंटेनर टर्मिनलच्या हवाली होतो आणि तुमचा त्याच्यावरचा हात सुटतो. जहाज मात्र दोन-तीन दिवसांनी लागणार असतं. या मधल्या दिवसांत क्रेनवरून कंटेनर आपटला तर? ताबा तुमचा नाही, पण एफओबी किंवा सीआयएफ असेल तर जोखीम अजून तुमचीच आहे. म्हणूनच कंटेनरच्या मालासाठी एफसीए आणि सीआयपी या अटी वापरा असं खुद्द इन्कोटर्म्स तयार करणारेच सांगतात. त्यांत माल वाहतूकदाराच्या हवाली केला की जोखीम सुटते. आपल्याकडे सवयीने सगळे एफओबी-सीआयएफच लिहितात. ही सवय मोडायला हवी असं मला मनापासून वाटतं. तुमचा खरेदीदार सीआयएफवर अडून बसला तर सौदा मोडू नका, पण विम्याकडे नीट बघा.

इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे सीआयएफमध्ये विक्रेत्याने किमान संरक्षणाचा विमा काढला तरी चालतो. तो इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज ‘सी’ असतो, करारातल्या किमतीच्या ११० टक्क्यांचा. या ‘सी’मध्ये आग, जहाज बुडणं, टक्कर अशी मोठी संकटं येतात. चोरी येत नाही, कंटेनरच्या गळक्या छपरातून शिरलेलं पाणीही येत नाही. बेदाण्याला भीती आहे ती नेमकी पाण्याची. म्हणून क्लॉज ‘ए’चा, गोदामापासून गोदामापर्यंतचा विमा घ्या, म्हणजे तासगाव ते बंदर हा रस्त्याचा प्रवासही त्यात येतो. जेबेल अलीला जाणारं जहाज होर्मुझच्या सामुद्रधुनीतून जातं. क्लॉज ‘ए’मध्येही युद्ध आणि संप धरलेले नसतात, त्यांचे क्लॉज वेगळे जोडून घ्यावे लागतात. त्या भागात तणाव असेल तर जहाज कंपनी भाड्यावर ‘वॉर रिस्क सरचार्ज’ लावू शकते. नाव सारखं असलं तरी तो तुमच्या मालाचा विमा नव्हे.

एका गोष्टीचं उत्तर कोणत्याच विम्यात नीट मिळत नाही, ती म्हणजे कंटेनर स्वेट. दिवसा तापलेल्या कंटेनरमधली हवा बाष्प धरते, रात्री पत्रा थंड झाला की ते बाष्प छताला आतून जमतं आणि थेंब थेंब खोक्यांवर पडतं. विमा कंपनी यावर मालातल्याच ओलाव्याकडे बोट दाखवते. तेव्हा ओलावा शोषणाऱ्या पिशव्या आत टांगा, वरच्या थरावर क्राफ्ट पेपर घाला, आणि रिकामा कंटेनर आला की भरण्याआधी एका माणसाला आत उभं करून दारं बंद करा. उजेडाचा ठिपका दिसला तर कंटेनर परत पाठवा. दोन तास जातील, पण माल वाचेल.

कंटेनरबद्दलचे शब्द सोपे आहेत. वीस फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू, आत सुमारे ३३ घनमीटर जागा. चाळीस फुटी म्हणजे दोन टीईयू. पूर्ण कंटेनर तुमचा एकट्याचा असेल तर एफसीएल, दुसऱ्यांच्या मालाबरोबर थोडी जागा घेतली तर एलसीएल. कंटेनर भरण्याला स्टफिंग म्हणतात. ते तुमच्या आवारात झालं तर फॅक्टरी स्टफिंग. बंदराबाहेरच्या कस्टम्सच्या देखरेखीखालच्या गोदामाला सीएफएस म्हणतात. खाण्याच्या मालाला माझा सल्ला फॅक्टरी स्टफिंगचाच, कारण सीएफएसमध्ये खोकी कोण कशी रचेल यावर तुमचा काबू राहत नाही.

व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासून जाहीर केलेलं एकूण वजन. चुकीच्या वजनांमुळे जहाजावरच्या थप्प्या कोसळायच्या, म्हणून १ जुलै २०१६ पासून सोलास या जहाज-सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली हे जगभर सक्तीचं झालं. भरलेला कंटेनर वजनकाट्यावर चढवा, किंवा खोकी, लाकूड, पॅकिंग यांची वजनं रिकाम्या कंटेनरच्या वजनात मिळवा. रिकाम्या कंटेनरचं वजन दारावर ‘टेअर’ म्हणून लिहिलेलं असतं. व्हीजीएमशिवाय कंटेनर जहाजावर चढत नाही.

कट-ऑफ म्हणजे कंटेनर गेटमधून आत घेण्याची शेवटची वेळ. कागदपत्रांचं कट-ऑफ वेगळं, व्हीजीएमचं वेगळं आणि गेटचं वेगळं असतं. तिन्ही वेळा लेखी मागून घ्या. कट-ऑफ चुकलं की ‘शट-आउट’, म्हणजे कंटेनर त्या जहाजावर जात नाही. कट-ऑफ पाळूनही जहाजात जागा उरली नाही आणि कंटेनर पुढच्या जहाजावर ढकलला, तर तो ‘रोल’ झाला म्हणतात. कंटेनर रोल झाला तर बीएलची तारीख पुढे जाते, आणि खरेदीदाराने बँकेतून एलसी (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद अटींप्रमाणे असतील तर पैसे देण्याची बँकेची हमी) दिली असेल तर शेवटच्या शिपमेंटची तारीख त्यामुळे हुकू शकते. हंगामात एलसीची मुदत ठरवताना एक जहाज चुकलं तरी चालेल इतकी सवड ठेवा.

आता बीएल. बिल ऑफ लेडिंगला आपण सगळे बीएल म्हणतो. या एका कागदाची तीन कामं आहेत. जहाज कंपनीला माल मिळाल्याची ती पावती आहे. वाहतुकीच्या कराराचा तो पुरावा आहे. आणि ‘टू ऑर्डर’ बीएल असेल तर तो मालावरच्या हक्काचा कागद आहे. मूळ प्रत ज्याच्या हातात, त्याला पलीकडच्या बंदरात माल मिळतो. मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावे करता येतो. भर समुद्रातला माल विकता येतो तो याच्या जोरावर. आपल्याकडे याचा कायदा १८५६ पासूनचा होता, २०२५ मध्ये त्याच्या जागी नवा बिल्स ऑफ लेडिंग ॲक्ट आला.

मूळ प्रती बहुधा तीन निघतात. त्यातली एक दाखवून माल सोडवला की बाकीच्या दोन निरुपयोगी होतात. म्हणून ‘एक प्रत माझ्याकडे थेट पाठवा, दोन बँकेत द्या’ असं कोणी सुचवलं तर नकार द्या. ती एक प्रत म्हणजे पूर्ण माल.

बीएलवर कन्साइनीच्या, म्हणजे माल ज्याच्या नावे पाठवला त्याच्या, रकान्यात खरेदीदाराचं नाव थेट घातलं तर कागद दुसऱ्याकडे फिरवता येत नाही. पैसे बँकेमार्फत येणार असतील तर तिथे ‘टू ऑर्डर’ किंवा बँकेच्या ऑर्डरने असं लिहिलं जातं आणि खरेदीदाराचं नाव ‘नोटिफाय पार्टी’त जातं. नोटिफाय पार्टी म्हणजे जहाज आल्याची खबर ज्याला द्यायची तो. खबर मिळाल्याने मालावर हक्क येत नाही.

टेलेक्स रिलीजचं उत्तर आता सोपं होतं. तुम्ही मूळ प्रती इथेच न्हावा शेव्यात जहाज कंपनीला परत देता आणि कंपनी जेबेल अलीच्या ऑफिसला कळवते की मूळ कागद न बघता माल द्या. पूर्वी हा निरोप टेलेक्सवर जायचा, आता ई-मेलने जातो, नाव तेच राहिलं. खरेदीदाराची मागणी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. इथून जेबेल अलीला थेट जहाज आठवड्याच्या आत पोहोचतं आणि बँकेमार्फत कागद जायला त्याहून जास्त दिवस लागू शकतात. कागदाची वाट बघत माल बंदरात पडून राहिला तर भुर्दंड त्यालाच. पण टेलेक्स रिलीज केल्यावर तुमच्या हातात मालाची कोणतीच दोरी उरत नाही. सोलापूरचे टॉवेल पाठवणाऱ्या माझ्या एका पक्षकाराने तिसऱ्या कंटेनरला, पहिल्या दोनांचे पैसे वेळेवर आले म्हणून, पैसे येण्याआधी रिलीज दिलं. माल त्याच आठवड्यात उचलला गेला. पैसे आजतागायत आले नाहीत. मी त्यांना एकदा सांगून गप्प बसलो होतो, आणखी जोर लावायला हवा होता हे मला अजून टोचतं.

तेव्हा खरेदीदाराला असं सांगा: ठरलेला ॲडव्हान्स आधी, उरलेली रक्कम ड्राफ्ट बीएल, म्हणजे बीएलचा कच्चा मसुदा, बघून, आणि रक्कम आमच्या खात्यात जमा झाल्याचं बँकेने कळवलं की त्याच दिवशी टेलेक्स रिलीज. पैसे पाठवल्याच्या स्विफ्ट मेसेजचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत. सी-वे बिल नावाचा आणखी एक कागद सुचवला जाईल. त्यात सोडवायला मूळ प्रतच नसते, ओळख पटवून कन्साइनी माल घेऊन जातो. वर्षानुवर्षांच्या संबंधात ठीक, पहिल्या व्यवहारात नको.

फॉरवर्डर तुम्हाला स्वतःचा ‘हाउस बीएल’ देईल की जहाज कंपनीचा ‘मास्टर बीएल’, हेही विचारा. हाउस बीएल असेल तर जहाज कंपनीच्या दप्तरी शिपर, म्हणजे माल पाठवणारा, तुम्ही नाही, फॉरवर्डर आहे. त्याने कंपनीचं भाडं थकवलं तर तुम्ही पूर्ण पैसे देऊनही कंटेनर अडकू शकतो. पूर्ण कंटेनर पाठवताय, मास्टर बीएल मागा.

बीएलवर मालाचं वर्णन लिहिताना ‘एक कंटेनर’ एवढंच लिहू नका, ‘१४०० खोकी बेदाणा’ असं नगांसह लिहा. हेग-व्हिस्बी नियम, म्हणजे जहाज कंपनीच्या जबाबदारीचे आंतरराष्ट्रीय नियम, जिथे लागू होतात तिथे जहाज कंपनीची भरपाई प्रत्येक नगाला ६६६.६७ एसडीआर किंवा एकूण वजनाच्या किलोमागे २ एसडीआर, यातली जी रक्कम जास्त तितक्यापुरतीच असते. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. नग मोजतात ते बीएलवर लिहिलेले. समजा तुमचा माल १४ टन आहे. ‘एक कंटेनर’ लिहिलं तर किलोच्या हिशेबाने मर्यादा २८,००० एसडीआर. खोकी लिहिली तर ती नऊ लाखांच्या वर जाते, म्हणजे मालाची पूर्ण किंमत मागायला आडकाठी राहत नाही. वजनदार बेदाण्याला किलोचा हिशेबही बऱ्यापैकी तारतो. पैठण्यांसारखा हलका आणि महाग माल असेल तर हा फरक सगळं ठरवतो. बाहेरून न दिसणारी खराबी आढळली तर माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि दाव्याची मुदत एक वर्ष असते. हे खरेदीदारालाही सांगून ठेवा.

आता डेमरेज आणि डिटेंशन. न्हावा शेव्यात बोलताना लोक सगळ्यालाच डेमरेज म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. साधा फरक असा: भरलेला कंटेनर बंदराच्या आत ठरलेल्या मोफत दिवसांपेक्षा जास्त पडून राहिला तर जहाज कंपनी लावते ते डेमरेज. कंटेनर बंदराबाहेर तुमच्याकडे जास्त दिवस राहिला तर ते डिटेंशन. निर्यातीत रिकामा कंटेनर यार्डातून उचलल्यापासून भरून बंदरात आत जाईपर्यंतचे दिवस मोजतात. आयातीत कंटेनर बाहेर काढल्यापासून रिकामा परत करेपर्यंतचे. याशिवाय टर्मिनल किंवा सीएफएस जागेचं भाडं वेगळं घेतं, ते ग्राउंड रेंट. म्हणजे बंदरात अडकलेल्या एकाच कंटेनरवर दोन मीटर एकाच वेळी चालू असू शकतात. मोफत दिवस, म्हणजे फ्री डेज, हे भाड्याइतकेच घासाघीस करून ठरवायचे असतात. बुकिंग करतानाच जेबेल अलीला किती फ्री डेज मिळतात ते लेखी घ्या. नंतर मागितले तर फारसे मिळत नाहीत.

आणि हे नीट लक्षात असू द्या: खरेदीदाराने माल उचललाच नाही तर तिकडचं डेमरेज शेवटी तुमच्या दारात येऊ शकतं, कारण बीएलवर शिपर म्हणून तुमचं नाव आहे आणि करार तुमच्याशी आहे. डाळिंबाचा एक रीफर, म्हणजे थंड कंटेनर, माझ्या डोळ्यांसमोर असा अडकला. बाजार पडला, खरेदीदाराने फोन घेणं बंद केलं, आणि फळ गेलं ते गेलंच, वर तिकडचं भाडं, विजेचे पैसे आणि माल नष्ट करण्याचा खर्च असं बिल शेतकऱ्यांच्या गटाच्या पत्त्यावर आलं. बेदाणा टिकाऊ आहे, निदान दुसरा गिऱ्हाईक शोधायला तुम्हाला अवधी मिळतो. तरी ॲडव्हान्स किमान इतका घ्या की माल परत आणायची वेळ आली तर जायचं-यायचं भाडं निघेल.

डेमरेज हा शब्द मुळात कंटेनरचा नाही. जयगडला कोळसा घेऊन येणाऱ्यासारखं अख्खं जहाज भाड्याने घेतात तेव्हा माल उतरवायला ठरावीक वेळ दिलेला असतो, त्याला लेटाइम म्हणतात. जहाज तयार असल्याची नोटीस कप्तानाने दिली की करारातल्या अटींप्रमाणे घड्याळ सुरू होतं. वेळ ओलांडला तर भाडेकरू जहाजमालकाला डेमरेज देतो, लवकर सुटका केली तर मालक भाडेकरूला डिस्पॅच देतो. तुमचा याच्याशी संबंध नाही, पण कुठे वाचनात आलं तर घोटाळा नको.

कोटेशनमधले बाकीचे शब्द झटपट. ओएफ म्हणजे समुद्रभाडं. टीएचसी म्हणजे टर्मिनलवर कंटेनर हाताळण्याचे पैसे, इथले तुमचे आणि तिकडचे साधारण खरेदीदाराचे. करारात तसं लिहून टाका. बीएएफ म्हणजे इंधनाचा अधिभार. ‘फ्रेट प्रीपेड’ म्हणजे भाडं इथे भरलं, ‘कलेक्ट’ म्हणजे तिकडे भरणार. सीआयएफला प्रीपेडच लागतं. भावाची तुलना करताना प्रत्येक फॉरवर्डरकडून सगळं धरून एकच आकडा मागा. नुसतं ओएफ कमी दाखवून बाकीच्या रकान्यांत वसूल करणारे असतात.

‘जनरल ॲव्हरेज’ हा शब्द कोटेशनमध्ये नसतो, पण आला तर धडकी भरवतो. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जाणूनबुजून केलेला त्याग किंवा खर्च जहाजमालकाने आणि सगळ्या मालवाल्यांनी आपापल्या किमतीच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, अशी ही फार जुनी रीत आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात अडकलेल्या एव्हर गिव्हनच्या मालकांनी ती जाहीर केली, तेव्हा ज्यांच्या मालाला ओरखडाही नव्हता त्यांनाही हमी द्यावी लागली. विमा असेल तर ती हमी विमा कंपनी देते, हे विमा न टाळण्याचं आणखी एक कारण.

कस्टम्सकडे निर्यातीसाठी जो अर्ज आइसगेट या त्यांच्या पोर्टलवर भरतात तो शिपिंग बिल. नावात बिल असलं तरी ते पैशाचं बिल नाही आणि बीएलही नाही. त्यावर लेट एक्स्पोर्ट ऑर्डर, म्हणजे माल जाऊ देण्याची कस्टम्सची परवानगी, मिळाली की माल निघायला मोकळा. जहाज सुटल्यावर कंपनी ईजीएम, म्हणजे काय काय घेऊन गेलो याची यादी, कस्टम्सला देते. आयजीएसटी भरून निर्यात केली असेल तर परतावा या ईजीएमवर अडतो. इनव्हॉइस नंबर शिपिंग बिलात एक आणि जीएसटी रिटर्नमध्ये दुसरा गेला की ‘एसबी००५’ चूक दाखवते आणि पैसे थांबतात. नंबरातली एखादी तिरकी रेघ राहिली तरी हे होतं.

भारत आणि अमिराती यांच्यात १ मे २०२२ पासून सेपा हा व्यापार करार लागू आहे, तेव्हा त्याखालचं सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन काढा आणि त्याचा फायदा भाव ठरवतानाच बोलून घ्या. बेदाण्याचा एचएस कोड ०८०६ २०. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट आणि बीएल या पाचही ठिकाणी कोड, मालाचं नाव, खोक्यांची संख्या आणि वजन अक्षरशः एकच हवं. एकीकडे ‘रेझिन्स’ आणि दुसरीकडे ‘ड्राय ग्रेप्स’ असं करू नका. ड्राफ्ट बीएल बहुतेक वेळा संध्याकाळी येतो आणि तासाभरात ‘ओके’ मागतात. हे पाच कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून, घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला लावून, मगच ‘ओके’ पाठवा. त्यानंतरच्या प्रत्येक दुरुस्तीला पैसे पडतात, आणि जहाज सुटल्यावर केलेली दुरुस्ती तिकडच्या कस्टम्सलाही समजावून सांगावी लागते.